पाठमोरी फेरी

१

संग्रहालयाची दारं उघडण्यापूर्वी गाइड मंडळी तळघरातल्या खोलीत चहा पितात आणि संचालकांच्या नावानं बोटं मोडतात. चहा कोमटच असतो, त्यामुळे ऊब दुसऱ्या कामातूनच मिळवावी लागते.

बोटं मोडायला कारण होतं. संचालकांनी खुर्चीत बसल्या बसल्या पहिला हुकूम काढला होता की, गाइडनं पाहुण्यांना पाठ दाखवायची नाही. पाहुण्यांकडे तोंड करून, बोलत बोलत, उलट्या पावलांनी चालायचं. कुठल्याशा राजवाड्यात त्यांनी म्हणे हे पाहिलं होतं आणि त्यांचं मन भरून आलं होतं. पहिल्या आठवड्यात एकीनं काचेच्या कपाटावर कोपर फोडून घेतलं, एक जण जिन्यावरून जो गडगडला तो थेट रजेवर गेला. संचालकांनी दोघांनाही सरावाचा सल्ला दिला. ते स्वतः सरळ चालत.

धाकटीला मात्र हे चालणं पहिल्या दिवसापासून जमलं. तिला तिथे सगळे धाकटीच म्हणत, कारण तिच्या आधी तिची थोरली बहीण तिथे गाइड होती. उलटं चालण्याची युक्ती थोरलीनंच शोधून काढली होती आणि घरी जेवता जेवता धाकटीला सांगितली होती. पायांनी चालायचं नाही, कानांनी चालायचं. इमारत बांधणाऱ्यानं सगळी दालनं एका रेषेत ठेवली आहेत. घुमटाखाली उभं राहिलं की एका दारातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, अशी दारांची माळ दिसते आणि सगळ्यात शेवटी एक राखाडी भिंत. आता प्रत्येक दालनाचा आवाज वेगळा. घुमटाखाली शब्द वर जातो आणि उशिरा, जरा मोठा होऊन परत येतो. पुतळ्यांच्या दगडी शिरांच्या दालनात तो कडक होतो. हस्तिदंताच्या दालनाला लाकडी छत आहे, ते शब्द गिळून टाकतं. काचसामानाच्या दालनात शब्दाला बारीक किनार चढते. आपलाच आवाज ऐकत गेलं की पाठीला डोळे फुटतात, थोरली म्हणायची.

ही थोरली गेल्या वर्षी एका दुपारी फेरी घेऊन गेली आणि परत आली नाही.

संग्रहालयानं सांगितलं, त्या स्वेच्छेनं काम सोडून गेल्या, पहारेकऱ्यानं त्यांना मुख्य दारातून बाहेर पडताना पाहिलं. या पहारेकऱ्याला सगळे कुलूप म्हणत. त्याचं तोंड कधी उघडत नसे, आणि उघडलंच तर साहेबांच्या किल्लीनं. पोलिसांनी सांगितलं, सज्ञान बाई आहे, गेली असेल कुणाबरोबर, आणि हे सांगताना त्यांच्यातला एक जण हसला. त्याचं हसू आई अजून विसरलेली नव्हती. आई टेलिफोन ऑपरेटर होती. तिचा खणखणीत आवाज एकदा ऐकलेला माणूस तो विसरत नसे. त्या आवाजात तिनं संचालकांना त्यांच्याच केबिनमध्ये खोटारडे म्हटलं होतं, कुलपालाही म्हटलं होतं, आणि शेजारपाजारच्या सहानुभूतीला दाराबाहेर काढलं होतं. माझी मुलगी मला न सांगता भाजी आणायलासुद्धा जात नाही, एवढंच तिचं म्हणणं.

धाकटीनं छापखान्यातलं काम सोडलं आणि बहिणीच्या जागेसाठी अर्ज केला. संचालकांनी तो आनंदानं मंजूर केला. घरातलं एक माणूस पगारावर आलं की घराचा आवाज बसतो, असा त्यांचा अनुभव असावा.

२

शेवटच्या दालनात पाहण्यासारखं काही नाही, आणि संग्रहालयाला त्याचाच अभिमान आहे. बांधणाऱ्यानं ती भिंत मुद्दाम कोरी ठेवली. एवढं सगळं पाहून थकलेल्या डोळ्यांना टेकायला जागा. चुन्याचा गिलावा घोटून घोटून असा गुळगुळीत केलाय की हात लावला तर आपल्यालाच आपला हात खरखरीत वाटतो. वरच्या झरोक्यातून उजेड येतो आणि भिंतीवर पसरून राहतो. गाइडनं भिंतीपासून हातभर अंतरावर थांबायचं, समारोपाची दोन वाक्यं बोलायची, टाळ्या घ्यायच्या आणि लोकांना बाजूच्या दारानं बाहेर काढायचं.

काम सुरू करून बरेच महिने झाल्यावर एका सकाळी धाकटी तिथे समारोप करत होती. तिच्या लक्षात आलं की भिंतीवरून परत येणारा शब्द आला नाही.

म्हणजे ती बोलली, आणि बोललेलं मागे गेलं. जसं उघड्या दारात उभं राहून बोलावं तसं. तिला वाटलं, सर्दीनं कानांना दडे बसले असतील. मग तिनं समोर पाहिलं.

समोरच्या लोकांचे डोळे तिच्याकडे नव्हते. यात नवल नाही. गाइडकडे कोण बघतं? पण हातभरावरची भिंत पाहणारे डोळे कसे असतात ते तिला ठाऊक होतं. ते जवळ येऊन थांबतात, थोडे सुस्तावतात. हे डोळे थांबलेले नव्हते. तिच्या खांद्यावरून ते लांब, फार लांब गेले होते, आगगाडीच्या खिडकीतून शेतापलीकडचं काही बघताना जातात तसे. सगळ्यांचे, एकाच दिशेला.

तिनं वळून पाहिलं. भिंत होती. राखाडी, गुळगुळीत, उजेड पसरलेली.

३

आता हे कुणाला सांगायचं? धाकटी शिकलेली मुलगी. छापखान्यात लोकांच्या चुका काढण्यात तिची काही वर्षं गेली होती. तिनं स्वतःचीही चूक काढायचा प्रयत्न केला. झरोक्याचा उजेड डोळ्यांवर येत असेल, म्हणून माणसं डोळे बारीक करत असतील. बाजूचं दार उघडं राहिलं असेल, म्हणून आवाज निसटला असेल. प्रत्येक स्पष्टीकरण चांगलं होतं. फक्त पुढच्या फेरीत तेच झालं, आणि त्यापुढच्या फेरीतही.

अखेर एका जोडप्यानं तिची सोय केली. मध्यमवयाचे नवराबायको, फेरीभर एकमेकांशी कुरबुरत आलेले. बाहेर पडताना बायको धाकटीजवळ आली आणि म्हणाली, सगळं छान दाखवलंत हो, पण ती शेवटची खोली राहिली.

कुठली, धाकटीनं विचारलं.

"ती माणसं बसली होती ती. तुमच्या मागे."

नवरा म्हणाला, माणसं कसली, पुतळे होते. बायको म्हणाली, पुतळे खाकरतात का? नवरा म्हणाला, तुला खाकरणंच ऐकू येतं, माझं बोलणं येत नाही. धाकटीनं विचारलं, आता आहे का ती खोली? दोघांनी मागे वळून दालनाकडे पाहिलं. बायको जरा रागावूनच म्हणाली, आता कशी असेल, तुम्ही वळलात तेव्हाच दार लावून घेतलंत की.

संग्रहालयात आलेला माणूस कशालाच चूक म्हणत नाही. त्याला वाटतं, यामागे काही विचार असेल, आपल्यालाच कळत नाही. इतके दिवस इतक्या लोकांनी तिच्या पाठीमागे एक खोली पाहिली होती, तिच्यातली माणसं पाहिली होती आणि बाहेर जाऊन आइस्क्रीम खाल्लं होतं.

जाता जाता ती बाई म्हणाली, "तिथल्या गाइडचा आवाज तुमच्यासारखाच आहे. बहीण का?"

४

दालन रिकामं असताना धाकटीनं एकटीनं उलटं चालून पाहिलं. बोलत बोलत, समारोपासकट. टाच भिंतीला लागली आणि आवाज गुमान परत आला. कुलूप दारात उभा राहून बघत होता. ती पुन्हा चालली. पुन्हा टाच लागली. म्हणजे समोर बघणारी माणसं हवीत, एवढं तिला समजलं, आणि हे समजलं याचा तिला संताप आला, कारण वेड्यांनाही अशाच गोष्टी समजतात.

तिनं कुलपाला विचारलं, माझी बहीण मुख्य दारातून गेली ते तू खरंच पाहिलंस? तो म्हणाला, लोक बाहेर आले, बाई. फेरीतले सगळे लोक आले. साहेब म्हणाले, मग त्याही आल्याच असणार.

ती संचालकांकडे गेली. केबिनच्या भिंतीवर घुमटाचा जुना नकाशा होता आणि त्याखाली संचालक होते, दोन्ही चांगल्या चौकटीत. शेवटचं दालन काही दिवस बंद ठेवा, नाहीतर निदान पाठमोरं चालणं तरी बंद करा, असं ती म्हणाली. कारण विचारल्यावर अडखळली. आवाज परत येत नाही, असं म्हणाली. स्वतःच्याच कानांना ते कसंनुसं वाटलं.

संचालक समजूतदारपणे हसले. ते म्हणाले की, भिंत हीच तर आपली ओळख आहे, लांबलांबून लोक ती पाहायला येतात. बहिणीच्या जाण्यानं तुमच्या मनावर ताण आहे, तो मी समजू शकतो. रजा घ्या हवी तर. तुमची फेरी दुसऱ्या कुणाला देऊ, हस्तिदंताच्या दालनातल्या गाइडबाई तयार आहेत.

"आणि तिच्या पाठीमागे काय आहे ते तुम्ही बघायला याल का, साहेब?"

"भिंत आहे," संचालक म्हणाले. "मी रोज बघतो."

समोरून, सरळ चालत जाऊन, ते रोज बघत असणार. यात खोटं काहीच नव्हतं. तिला याचाच जास्त राग आला.

५

घरी आई खिडकीपाशी बसून मटार सोलत होती. धाकटीनं काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण आयुष्यभर तारेवर माणसांचे श्वास ऐकलेल्या बाईपुढे हे कुठवर टिकणार? तिनं सगळं सांगितलं.

मग आईनं पातेलं बाजूला ठेवलं. तिनं विचारलं की, ती बाई नक्की बहीण म्हणाली? आवाज सारखा आहे म्हणाली?

हो, पण आई, लोक काहीही म्हणतात.

म्हणू देत, आई म्हणाली. मी येते. तिकीट काढून येईन, मला कोण अडवतं बघते. त्या भिंतीसमोर बसेन आणि हाक मारेन. माझी हाक तिला आठ गल्ल्या लांब ऐकू यायची.

धाकटीनं खूप समजावलं. गुडघ्यांचं कारण काढलं, जिन्याचं काढलं. आईच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी हललं होतं, आणि ते पाहून तिनं हट्ट सोडला. शेवटी दोघींत एवढं ठरलं की, उद्या धाकटीनं नीट खात्री करून घ्यायची. त्यानंतर दोन दिवसांनी आई येणार. ते मात्र पक्कं.

६

सकाळच्या फेरीला बरी गर्दी होती. धाकटी घुमटाखालून निघाली आणि उलट्या पावलांनी दारांच्या माळेतून ओवल्यासारखी मागे मागे गेली. दगडी शिरं, चिलखतं, हस्तिदंत, समुद्राची चित्रं. तोंड आपोआप बोलत होतं. कान पुढच्या दालनासाठी थांबले होते. काचसामान आलं, शब्दाला किनार चढली, उतरली. ती शेवटच्या दालनात शिरली.

भिंतीपासून हातभर अंतरावर ती रोज थांबे. आज थांबली नाही. समारोप बोलत बोलत तिनं आणखी एक पाऊल मागे टाकलं. टाचेला काही लागलं नाही. आणखी एक. मानेला गार वाटलं, बंद पेटी उघडल्यावर येतो तसा जुन्या कापडाचा वास आला. झरोक्याचा उजेड आता तिच्या पायांपुढे थांबलेला होता.

समोरची माणसं तिच्या खांद्यावरून लांब पाहत होती. कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. एकानं जांभई दिली.

आणि मागून आवाज आला. गाइडचा आवाज, एका लयीत चाललेला, वर्षभर पाणी न मिळाल्यासारखा फाटलेला. तोही मागे मागे येत होता. धाकटी बोलत राहिली, कारण थांबलं तर काय होईल ते तिला माहीत नव्हतं. मग तिच्या पाठीला पाठ लागली.

खांद्याची हाडं तिनं ओळखली. लहानपणी एका पांघरुणात झोपताना हीच हाडं तिला टोचत. बोलण्याबरोबर ती वरखाली होत होती.

"वळू नकोस," थोरली म्हणाली, आणि लगेच मोठ्यांदा, दुसऱ्या कुणाला तरी म्हणाली, "आणि इथे मागे, मंडळी, भिंत आहे. नुसती भिंत."

धाकटीनं आपल्या लोकांना भिंतीच्या गिलाव्याबद्दल सांगितलं. त्याच सुरात, ओठ फारसे न हलवता, ती म्हणाली, "ताई, घरी चल."

"यांचं अजून झालेलं नाही."

"कोण आहेत?"

"ऐकणारे." थोरलीनं श्वास घेतला, आणि तेवढ्या श्वासात पलीकडे पुष्कळ कापडांची सळसळ झाली. ती घाईघाईनं पुन्हा बोलू लागली, चुना, उजेड, बांधणाऱ्याचं कौशल्य, आणि सळसळ बसली. मग हळू आवाजात, "थांबलं की जवळ येतात. तुझा आवाज त्यांना ऐकू येतोय. विचारत होते, मागे कोण. मी सांगितलं, प्रतिध्वनी आहे."

पुढच्या रांगेत एक चष्मेवाला गृहस्थ उभा होता. त्याच्या काचांत धाकटीला स्वतःची काळी आकृती दिसली. तिच्यामागे चिकटलेलं दुसरं डोकं, केस विस्कटलेले. त्यापलीकडे रांगा. रांगांमागे रांगा, मागच्या दिसत नाहीत इतक्या. सगळी डोकी एकाच बाजूला कललेली, ऐकताना कलतात तशी. तोंडं तिला दिसली नाहीत. ती दिसण्याएवढी काच मोठी नव्हती, याबद्दल ती पुढे कितीतरी दिवस त्या काचेचे उपकार मानत राहिली.

तिनं ओठांतल्या ओठांत सांगितलं, "आई येतेय. परवा. तुला हाक मारणार आहे."

पाठीवरची हाडं थांबली.

बोलणंही थांबलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही, फार नसावा. काचेत पहिली रांग उभी राहिली. घाईनं नाही. सभा संपल्यावर माणसं उठतात तशी, कपडे सावरत.

"आणू नकोस तिला," थोरली म्हणाली. हा आवाज गाइडचा नव्हता. "तिची हाक ऐकली तर मला बोलता येणार नाही. समजतंय ना? मी गप्प होईन. आणि ती समोर उभी असेल." मग तो फाटका आवाज चढला, भराभर, वाक्यावर वाक्य, दगडी शिरांपासून पुन्हा सगळं सुरू झालं, आणि पाठ हळूहळू सुटत गेली, लांब जात राहिली.

धाकटीनं एक पाऊल पुढे टाकलं. दुसरं टाकलं. पाहुण्यांच्या अंगावरच ती गेली, एकीचा पाय तुडवला. मागे वळली तेव्हा भिंत होती, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

७

संध्याकाळपर्यंत तिनं खोटं तयार केलं. छापखान्यात शिकलेलं सगळं त्यात ओतलं, कुठे फट राहू दिली नाही. घरी आल्या आल्या, चपला काढतानाच तिनं सांगून टाकलं की, ताईचा पत्ता लागला. ऑफिसात फोन आला होता तिचा. दुसऱ्या शहरात असते, एका माणसाबरोबर. बरी आहे. परत यायचं नाही म्हणाली, शोधू नका म्हणाली.

आई उभीच होती. तिनं विचारलं, तू स्वतः बोललीस?

हो.

"माझ्याबद्दल काय म्हणाली?"

धाकटीनं याची तयारी केली होती. बसमध्ये पुन्हा पुन्हा केली होती. आईच्या मनात तिळाएवढी आशा राहिली तरी ती परवा तिकिटाच्या रांगेत उभी राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "तुझं विचारलंच नाही तिनं."

आई खुर्चीत बसली. तिच्या अंगातून वर्षभराचा राग निघून जाताना धाकटीनं डोळ्यांनी पाहिला, आणि तिच्या लक्षात आलं की या बाईला उभं धरून ठेवलं होतं ते त्या रागानंच. खुर्चीत राहिली ती एक म्हातारी होती. संचालकांना, पोलिसांना, त्या हसणाऱ्या माणसाला जे जमलं नव्हतं ते मुलीनं एका वाक्यात करून दाखवलं होतं. आणि वाक्य त्यांचंच होतं.

"म्हणजे ती माणसं खरं बोलत होती," आई म्हणाली.

धाकटी हो म्हणाली. संचालकांचा, कुलपाचा, सगळ्यांचा खरेपणा तिनं त्या एका होकारात पदरात घेतला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. निदान एवढं तरी मिटलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. आई आता तिकडे फिरकणार नाही.

बाहेर कपाट उघडल्याचा आवाज आला. मग हँगर सरकल्याचे आवाज. ती बाहेर आली तेव्हा आईनं चांगले कपडे पलंगावर काढून ठेवले होते आणि इस्त्रीची वायर सोडवत होती.

"त्या साहेबांना मी खोटारडे म्हटलं," आई म्हणाली. "त्यांच्याच खोलीत, चार माणसांसमोर. त्या पहारेकऱ्यालाही. गरीब माणूस, मान खाली घालून ऐकत होता."

"आई, त्याची काही गरज नाही."

"तुला नसेल. मी हे ओझं घेऊन राहणार नाही." तिचा आवाज परत आला होता. खणखणीत, प्रत्येक अक्षर वेगळं. "उद्याच येते तुझ्याबरोबर. माफी मागायची ती घुमटाखाली, सगळ्यांदेखत, मोठ्यांदा मागायची."

घुमटापासून त्या भिंतीपर्यंतची उघडी दारं धाकटीच्या डोळ्यांपुढे आली. इस्त्री तापायला लागली होती.